जिपारने दार हलवलं

जिपारला मी नववीत भौतिकशास्त्रात नापास केलं होतं, हे आधीच सांगून टाकते. गावात कोणी ना कोणी सांगणारच, त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. प्रश्न उष्णतेच्या वहनाचा होता. उत्तरात तिने लिहिलं होतं, "ऊब आळशी असते. तिला वाट दाखवावी लागते, नाहीतर ती पहिल्या भोकातून पळून जाते." हे बोलणं तिच्या बापाचं, आसानालीचं. तो चुली बांधायचा. मी लाल रेघ मारली, शून्य दिलं आणि समासात लिहिलं, 'सूत्र कुठे आहे?' आज आमच्या डोंगरातल्या कोकजार गावात एकेचाळीस घरांत जिपारने बांधलेल्या चुली जळतात, त्यातली एक माझ्या घरी आहे. शून्य मात्र मी मागे घेतलेलं नाही. सूत्र विचारलं होतं, ते तिने लिहिलं नव्हतं.

आमच्याकडे चूल म्हणजे माणसाएवढी विटांची भिंत. तोंड स्वयंपाकघरात, पाठ बैठकीच्या खोलीत. धूर सरळ वर सोडला तर अर्धा कोळसा आभाळ तापवण्यात जातो. म्हणून चांगला कारागीर धुराला भिंतीच्या पोटातून वर-खाली, वर-खाली फिरवतो आणि त्याच्यातली सगळी ऊब काढून घेऊन मग बाहेर जाऊ देतो. वळणं कमी झाली तर कोळसा फुकट, जास्त झाली तर धूर दमून माघारी घरात येतो. आसानालीला मुलगा नव्हता. जिपार लहानपणी त्याच्यासाठी माती तुडवायची, आणि तुडवता तुडवता वळणं मोजायची.

लग्न होऊन ती कालिपा आपाच्या घरी आली, गावातल्या गावातच. आमच्याकडे आईला आणि म्हाताऱ्या बाईला आपा म्हणतात. नवरा ट्रक चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो हृदयाच्या झटक्याने गेला. त्याच सुमारास आसानालीचे हात थरथरायला लागले होते. जिपारने बापाची करणी आणि ओळंबा उचलला आणि कोणाला न विचारता कामाला लागली. जिपारची मुलगी पुढे लग्न होऊन लांब तलासला गेली. घरात राहिल्या दोघी, सून आणि सासू.

तिच्या कामाची एक रीत होती. नव्या घरी गेली की बाईमाणसाला एकच प्रश्न विचारायची, "पीठ फुगायला कुठे ठेवता?" बाई जागा दाखवायची, चुलीची सगळ्यात गरम वीट तिथे यायची, आणि नान असा फुगायचा की बघत राहावं. चूल पुरी झाली की वर्तमानपत्राचं एक पान पेटवून आत सारायची, विटांना कान लावून उभी राहायची. धुराड्यातून धूर बाहेर पडेपर्यंत चहाच्या वाटीला हात लावायची नाही.

शेजारचा शायलो म्हातारा, जुना ट्रॅक्टरवाला, तिला पहिल्या दिवसापासून टोमणे मारायचा. "बाईने बांधलेली चूल आणि बोकडाने राखलेलं गवत, दोन्हींचं एकच होतं."

"मग आजोबा, तुमची चूल कोणाला सांगू बांधायला?"

"तूच बांध. दुसरं आहे कोण या गावात?"

त्याच्याच घरात तिने पहिल्यांदा लोकरीचा प्रयोग केला. आमच्याकडच्या मेंढ्यांची जाडीभरडी लोकर आता कोणी घेत नाही. कातरून झाली की लोक ती नदीकाठी टाकून देतात. जिपारने ती पोत्यांनी गोळा केली आणि शायलोच्या छतात वीतभर जाड भरली. हिवाळा मजेत गेला. जूनमध्ये छतातून कसरीचे पतंग ढगासारखे बाहेर पडले.

"चारशे जनावरं पाळलीत माझ्या छतात हिने," शायलो गावभर सांगत फिरला, "आणि एकही दूध देत नाही!"

जिपारने वाद घातला नाही. सगळी लोकर खाली काढली, नदीवर धुतली, उन्हात वाळवली, आणि थराथरात डोंगरातला कडू दवणा वाळवून पसरला. हे तिची आजी थापलेल्या लोकरीच्या नमद्यांच्या घड्यांत करायची, तेच. पुन्हा पतंग आले नाहीत. शायलोने माफी वगैरे मागितली नाही, पण पुढच्या वर्षी स्वतःच्या मेंढ्यांची लोकर न मागता तिच्या दारात आणून टाकली.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मागच्या मार्चमध्ये कालिपा आपाला न्यूमोनिया झाला. वय एक्याऐंशी. नारीनच्या इस्पितळात दोन आठवडे काढले. सप्टेंबरात तिचा थोरला मुलगा बेकतेन राजधानीहून, बिश्केकहून, बटाटे काढायला आला. सरळ माणूस आहे, आईवर जीव आहे, पण ठरवलं की ठरवलं. त्या दिवशी मी तिथेच होते.

"आई, हा हिवाळा तू माझ्याकडे काढायचास. भिंतीतल्या नळातून गरम पाणी फिरतं. तुला काही करायला नको."

"काही करायला नको, म्हणूनच तिथली म्हातारी माणसं पटापट मरतात," आपा म्हणाली. "राहून आलेय मी. सातव्या मजल्यावर. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. तो नळ दिवसभर गुरगुरतो, त्याला जळण घालायचं नाही, राख काढायची नाही. मी काय त्याच्याकडे बघत बसू?"

"आणि इथे पुन्हा न्यूमोनिया झाला तर? घाटात बर्फ असताना कोण नेणार तुला?"

"अल्ला नेईल."

"आई, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय?"

बेकतेनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नवीन वर्षाला गाडी घेऊन येईन. तेव्हा तू खोकत असलीस तर मुकाट्याने गाडीत बसायचं. सगळ्यांदेखत शब्द दे."

"आणि खोकत नसले तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

आपाने शब्द दिला. मग निघताना नेहमीसारखा नान त्याच्यापुढे धरला. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने नानचा एक घास चावून तोडायचा आणि उरलेला नान त्याच्या परतण्याची वाट बघत घरात टांगून ठेवायचा, ही आमची रीत. बेकतेनने घास घेतला, आपाने उरलेला नान फडक्यात बांधून दारावरच्या खिळ्याला अडकवला.

या सगळ्यात जिपार एक शब्दही बोलली नाही. थोरल्या दिरापुढे सुनेने बोलायचं नसतं, त्याचं नावही घ्यायचं नसतं. ती त्याला 'शहरवाले' म्हणते. पण एकच वाडगा तिने तीनदा धुतला, ते मी पाहिलं. मला पोचवायला फाटकापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "एजे, आपा गेल्या तर मी कोणासाठी चूल पेटवू? स्वतःपुरती कोण पेटवतं?"

एजे म्हणजे मोठी बहीण. गावातली निम्मी माणसं मला एजे म्हणतात, निम्मी बाई म्हणतात, आणि ज्यांना मी नापास केलं ती पाठीमागे आणखी काहीतरी म्हणतात.

"मग बस रडत," मी म्हटलं. "गावभर चुली बांधल्यास, आणि घरची चूल सासऱ्याच्या जमान्यातली. चार वळणांची. आधी ती पाड."

ऑक्टोबरात तिने पाडली. नवी बांधली, सात वळणांची. छतात दवण्याचे थर देऊन धुतलेली लोकर भरली. खिडकीच्या फटी माती, भुसा आणि घोड्याच्या शेणाने लिंपल्या. सकाळी अर्धी बादली कोळसा, दिवसा मेंढवाड्याच्या जमिनीतून विटांसारख्या कापून वाळवलेल्या शेणी, बस. आधी दिवसाला दोन बादल्या कोळसा लागायचा. वीज आमच्याकडे थंडीत मनाला येईल तेव्हा येते, तेव्हा तिचा हिशोबच नाही. गावातल्या बायका येऊन विटांना हात लावून गेल्या. पीठ फुगून परातीबाहेर आलं.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला आणि चौथ्या दिवशी कालिपा आपा खोकायला लागली.

जिपारने कोळसा वाढवला. खोकला वाढला. आणखी वाढवला. दाराजवळ बसलेल्याला घाम फुटायला लागला, आणि आपा आतून खोकतेच आहे. जिपार माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"एजे, माझी चूल खोटी आहे."

"चूल खोटी नसते. मोजमाप खोटं असतं," मी म्हटलं, आणि निवृत्त होताना शाळेच्या प्रयोगशाळेतून जे दोन तापमापक मी घेऊन आले होते ते पिशवीत घातले. चोरले म्हणा हवं तर. शाळेत ते पेटीत पडून राहिले असते.

घरात शिरले तशी आपा ओरडली, "बाई, वर या, तोरवर बसा!"

तोर म्हणजे घरातली मानाची जागा. दाराच्या बरोबर समोर, सगळ्यात आत. वय आणि मान वाढत जाईल तसा माणूस दारापासून तिकडे सरकत जातो. सुना आणि पोरं दाराशी, जोडे दाराशी, म्हातारी माणसं तोरवर. मी जाऊन आपाशेजारी बसले. पाठीमागे पूर्वेची बाहेरची भिंत, डोक्यावर खिडकी. दहा मिनिटांत माझे गुडघे दुखायला लागले. पंचवीस वर्षं मी त्या जागी बसत होते, आणि पंचवीस वर्षं वयाला दोष देत होते.

एक तापमापक चुलीजवळ, दाराशी ठेवला. दुसरा आपाच्या मांडीशी. चहा संपेपर्यंत थांबलो. दाराशी तेवीस. तोरवर नऊ.

जिपारने ते आकडे दोनदा वाचले. मग परातीकडे पाहिलं. पीठ बिचारं चुलीला टेकून, टॉवेल पांघरून मस्त फुगलं होतं.

"मी पिठाला ऊब दिली, एजे," ती म्हणाली. "एकेचाळीस घरांत पिठाला ऊब दिली."

मला आमच्या सगळ्यांचाच राग आला. लोकरीच्या गोल तंबूत शेगडी मधोमध असायची, तिथे तोर गरम असायचा आणि दाराच्या वाऱ्यापासून लांबही असायचा. मग सरकारी नकाशावरची विटांची घरं आली. राख आणि कोळसा खोलीभर फिरायला नको म्हणून चूल दाराशी सरकली. तोर होता तिथेच राहिला, थेट बाहेरच्या भिंतीला टेकून. साठ वर्षं आम्ही ज्याला जास्त मान त्याला जास्त गारठा देत आलो, आणि त्या म्हाताऱ्यांनी मानाची जागा म्हणून कुरकुरसुद्धा केली नाही. मीही केली नाही, आणि मी तर कॉलेजात शिकलेली.

"आपा," मी सरळ म्हटलं, "तुम्ही इकडे चुलीजवळ येऊन बसा. खोकला जाईल."

"दाराशी?" आपाने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझी पेन्शन बंद झाल्यासारखं वाटलं. "जोड्यांजवळ? या घरात साठ वर्षं झाली मला. सून म्हणून आले तेव्हा दाराशी बसत होते. एकेक वीत सरकत इथवर आले. आता पुन्हा तिथे जाऊन बसू? मग बेकतेनच्या सोफ्यावर काय वाईट?"

"आपा, मी चूल इकडे आणते," जिपार म्हणाली.

"आणि राखेची बादली कुठून नेशील? पाहुण्यांच्या डोक्यावरून? तोरवरून राख नेणारी सून या खोऱ्यात अजून जन्मली नाही." मग खोकल्याची उबळ आली, ती थांबली तशी आपा पुढे म्हणाली, "मला मेल्यावर हलवा."

दुसऱ्या दिवशी जिपार माझे तापमापक घेऊन घरोघर फिरली. सगळीकडे तेच. शायलोच्या घरी तर तो तोरवर मेंढीच्या कातड्याचा कोट घालून, टोपी कानावर ओढून बसला होता आणि दाराशी त्याची सून बाह्या वर करून वारा घेत होती.

"काय बघतेस?" तो म्हणाला. "मानाचा माणूस असाच बसतो."

त्या आठवड्यात वरच्या आळीतला एक म्हातारा वारला. मेलेल्या माणसासाठी अंगणात तंबू उभारायचा असतो, मग बाहेर बर्फ का असेना. पुरुष उभारत होते, बायका बाजूला हात चोळत उभ्या. नेहमीसारखा दोन म्हाताऱ्यांत वाद झाला, दार कुठे करायचं. ठरलं. दाराची चौकट उभी केली. तंबूत आधी चौकटच उभी राहते, जाळीच्या भिंती मग तिला बांधतात. अजून भिंतींचा पत्ता नव्हता, वर छप्पर नव्हतं, नुसता बर्फ आणि त्यात एक चौकट. आणि मृताची थोरली बहीण काठी टेकत आली, त्या चौकटीतून वाकून आत गेली, सरळ चालत जाऊन समोर बर्फातच एका जागी थांबली आणि म्हणाली, "नमदा आणा, इथे अंथरा."

जिपारने माझा दंड इतक्या जोरात धरला की निळा डाग पडला.

"एजे, पाहिलंत? अजून घर नाहीये, आणि त्यांना तोर सापडला. भिंतीशी काही संबंधच नाही त्याचा. दार जिथे, त्याच्या समोर तोर!"

"अगं, हळू. मयत आहे."

"मी दार हलवते," ती कुजबुजली. "आपा नाहीत हलत, चूल नाही हलत. दार हलेल."

बत्तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की कुठलीही जागा कशाच्या तरी संदर्भाने ठरते. रेल्वेचे आणि नावेचे दाखले दिले. घरातला तोर मला दिसला नाही.

तिचा बेत साधा होता. खोलीचं दार होतं पश्चिमेच्या मधल्या भिंतीत, चुलीला लागून. ते बुजवायचं. पूर्वेच्या भिंतीतली खिडकी खाली जमिनीपर्यंत कापून तिथे नवं दार करायचं. म्हणजे तोर आपोआप पश्चिमेला जाईल, चुलीच्या गरम पाठीला टेकून. आणि स्वयंपाकघरातून नव्या दारापर्यंत घराच्या दक्षिणेकडून वळून जाणारी काचेची पडवी करायची. दिवसाचं ऊन तिच्यात साठेल, आणि दोन्ही थंड भिंतींवर पांघरूणही होईल. काचा माझ्याकडे होत्या. शाळेला नव्या खिडक्या बसल्या तेव्हा काढलेल्या जुन्या लाकडी खिडक्या मी रोपांसाठी परसात रचून ठेवल्या होत्या.

अडचण एकच, पण भलीमोठी. पहिलं दव गोठल्यानंतर माती कालवायची नाही, हा आसानालीचा नियम. ओली माती गोठते आणि वसंतात भिंत ढासळते. नोव्हेंबर संपत आला होता. भिंत फोडली आणि एका दिवसात बंद झाली नाही, तर खोली हिवाळाभर उघडी. मग नवीन वर्षाची वाट बघायलाही नको, आपाला दुसऱ्याच दिवशी गाडीत घालावं लागेल.

"नोव्हेंबरात भिंत फोडणार?" शायलो म्हणाला. "तुझ्या बापाच्या कबरीतून हसण्याचा आवाज येतोय मला."

"आजोबा, तुम्ही पहार घेऊन येणार की नाही तेवढं सांगा."

"किती वाजता?"

पण घर आपाचं. तिला विचारल्याशिवाय एक वीट हलणार नव्हती. जिपारने कसं विचारावं याच्यावर मी तिला मोठं भाषण दिलं. तिने त्यातलं काहीही वापरलं नाही. संध्याकाळी चहा ओतताना म्हणाली, "आपा, तुमच्या माहेरच्या तंबूचं दार कुठे असायचं?"

"कुठे म्हणजे? उगवतीला. माणसाने सकाळी दार उघडलं की सूर्य पायाशी यायला हवा."

"आणि तोर?"

"मावळतीला. डोकं आहे का तुला?"

"मग या घराचं असं उलटं का?"

"तो नकाशावाला आला होता खालच्या मैदानी मुलखातून. त्याला कोणी विचारलं? सगळ्या घरांची तोंडं रस्त्याकडे केली त्याने. तुझा सासरा चार दिवस जेवला नव्हता." आपा थांबली. सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आपल्या मागच्या खिडकीकडे. मूर्ख बाई नाही ती. "किती दिवस लागतील?"

"एक. गावाला मदतीला बोलावून इर्जिक घातली तर."

"आणि बाहेरच्या बाजूला काय लावणार? माती तर धरणार नाही."

"ते... तुमचे माहेरचे नमदे आहेत कोठीत. हिवाळ्यापुरते."

मला वाटलं आता वाडगा फेकून मारते. ते नमदे म्हणजे तिच्या लग्नातल्या तंबूचे, आईने आणि मावश्यांनी थापलेले. साठ वर्षांत तिने ते फक्त उन्हाला घालण्यासाठी बाहेर काढले होते.

"दवणा झटकून घे नीट," आपा म्हणाली. "आणि फोड."

शनिवारी इर्जिक झाली. आपाला मी माझ्या घरी नेऊन बसवलं. तिने दिवसभर माझ्या चहाला नावं ठेवली. मधूनमधून मी तिकडे चक्कर मारून यायची. बाहेर उणे चौदा. पंधरा माणसं, एका कढईत मटण, एका पिंपात उकळतं पाणी. जिपारने सगळ्यात आधी दारावरचा तो फडक्यातला नान उतरवला आणि कमरेला बांधला, मग पहारीला हात लावू दिला.

आदल्या तीन दिवसांत पडवीचा सांगाडा उभा करून काचा बसवून झाल्याच होत्या. आता तिच्या आतल्या अंगाने नमदे टांगले, म्हणजे भिंत फुटली तरी थेट वारा नको. शायलोने खिडकीखालची पहिली वीट काढली आणि स्वतःवरच खूश होऊन पुढच्या दहा दुसऱ्यांना काढायला लावल्या. जिपार आतल्या दाराशी होती. उकळत्या पाण्यात मूठभर मीठ टाकून माती कालवत होती. ती भिंत घरातली, चुलीच्या कुशीतली, तिथली माती गोठणार नव्हती. बाहेरच्या चौकटीला मात्र तिने मातीचा थेंब लावला नाही. चौकट लाकडी पाचरींनी ठोकून बसवली आणि सगळ्या फटींत लोकर ठासली. गिलावा एप्रिलमध्ये. बापाचा नियम तिने मोडला नाही.

चार वाजता नवं दार बिजागऱ्यांवर फिरलं. त्याच्यावर खिळा ठोकून नान पुन्हा टांगला. जिपारने कागद पेटवला, चुलीत सारला, नव्या बुजवलेल्या भिंतीला कान लावला. आम्ही सगळे पडवीत उभे. धुराड्यातून धूर निघाला तेव्हा पंधराही माणसांनी एकदम चहा मागितला.

मी आपाला घेऊन आले. पडवीतून वळून ती नव्या दाराशी थांबली. आत कोणी जागा दाखवली नाही. खोलीत गालिचे, गाद्या, सगळं पुन्हा अंथरलेलं. आपाने उंबऱ्याच्या आत जोडे काढले, समोर बघितलं, काठी टेकत टेकत खोली ओलांडली आणि पश्चिमेच्या भिंतीशी जाऊन बसली. पाठ टेकली. मग हाताने मागे चाचपून पाहिलं.

"ही वीट आहे की मेंढी?" ती म्हणाली.

मी तापमापक ठेवला. एकोणीस. नव्या दाराशी पंधरा. जोड्यांना तेवढं पुरतं. शायलो कोटाची बटणं सोडत आपाच्या डावीकडे जाऊन बसला आणि तिथूनच ओरडला, "जिपार, माझ्याकडे कधी येतेस?"

"एप्रिलमध्ये, आजोबा."

"तोवर मी इथेच बसतो."

डिसेंबरभर गावातली माणसं सवयीने स्वयंपाकघरातून आत यायला जायची आणि भिंतीला नाक आपटून घ्यायची. आपा आतून हसायची. हसताना खोकायची आधी, मग नुसती हसायला लागली. मी रोज जाऊन ऐकत होते. डॉक्टर नाही मी, पण मोजता येतं मला. दिवसाला वीस उबळी, मग बारा, मग पाच. तिसऱ्या आठवड्यानंतर फक्त सकाळची एक, आणि ती नस्य, म्हणजे तपकीर, ओढल्याची. ते ती मरेपर्यंत सोडणार नाही.

एकतीस डिसेंबरला दुपारी बेकतेन आला. गाडीच्या मागच्या सीटवर दोन रजया आणि उशी मांडलेली मी रस्त्यावरूनच पाहिली. तो तडक स्वयंपाकघरात गेला, नेहमीच्या दाराकडे वळला आणि भिंतीसमोर उभा राहिला.

"आई?" तो भिंतीला म्हणाला.

"उजवीकडून ये, पोरा! काचेतून!" भिंतीपलीकडून आपा.

पडवीत ऊन भरलेलं होतं. बाहेर उणे अठरा, आत रोपांच्या कुंड्या. बेकतेनने तिथेच हातमोजे काढले. दारातून आत आला, आईला बघितलं, आणि जिथे ती इतकी वर्षं बसायची त्या जागी आपण उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा झटकन बाजूला झाला. आपाने शेजारची गादी थोपटली. तो बसला. थोड्या वेळाने कोट काढला. मग स्वेटर. बोलणं बटाट्यांचं, नातवंडांचं, रस्त्याचं चाललं होतं, पण त्याचे कान कुठे आहेत ते आम्हा तिघींनाही कळत होतं. जिपार चहा ओतत होती.

तो तीन दिवस राहिला. तिन्ही दिवस दुपारी भिंतीला पाठ लावून तोंड उघडं टाकून झोपला. चौथ्या दिवशी सकाळी आपाला एकदा खोकला आला. बेकतेनने मान वर केली.

"नस्य आहे," आपा म्हणाली. "तुझ्या बापालाही हेच सांगावं लागायचं."

बेकतेनने वाटी खाली ठेवली. उठला, बाहेर गेला, गाडी सुरू केली. आम्हाला इंजिनचा आवाज येत राहिला, बेकतेन मात्र बराच वेळ आत आला नाही. जिपार पडवीत उभी होती. मी तिच्याजवळ गेले नाही. अशा वेळी जवळ गेलेलं माणूस मलाही आवडत नाही.

बेकतेन परत आला तो दोन्ही रजया काखेत घेऊन. त्या त्याने दाराशी ठेवल्या.

"या इथे राहू देत," तो म्हणाला, कोणाकडेही न बघता. मग थोरल्या दिराने भावजयीशी बोलावं तसं, भिंतीकडे तोंड करून, "एप्रिलमध्ये गिलाव्याला माणूस लागेल. मी येईन."

"शहरवाल्यांना माती तुडवता येते का, विचारा एजे," जिपार मला म्हणाली.

आपाने उशीमागून ताजा नान काढला. हात लांब करून मुलापुढे धरला. ज्याच्या बरोबर निघायचं असतं, त्याला कोणी नान चावायला देत नाही. बेकतेनला ते कळायला एक क्षण लागला. मग तो गुडघ्यांवर बसला, वाकला आणि मोठा घास तोडला. जिपारने उरलेला नान फडक्यात बांधला आणि नव्या दारावरच्या खिळ्याला अडकवला.

नेहमी आपा फाटकापर्यंत जायची. या वेळी उठली नाही. गाडी वळत असताना तिने आतून हाक मारली.

"दार लावा गं आता. ऊब चाललीय."